छोटा डाइव्ह टॉर्च दुसऱ्या डाइव्हला मंद होतो : दोष कुठे शोधावा आणि कोणता सेल घ्यावा

गोव्याजवळच्या ग्रँड आयलंड बेटाच्या फेरीत साधारणपणे दोन डाइव्ह होतात आणि छोट्या टॉर्चबद्दलची तक्रार जवळजवळ नेहमी दुसऱ्या डाइव्हची असते. पहिल्या वेळी खडकाच्या कपारीत नीट पडणारा उजेड तासाभराच्या विश्रांतीनंतर निम्म्यावर येतो, मध्येच लुकलुकतो किंवा एकदम विझतो. आणि घरी आल्यावर लावून पाहिला तर तोच टॉर्च पुन्हा झकास लागतो. मग एलईडी गेला असावा असे ठरवून अधिक लूमेनचा (लूमेन हे उजेडाचे माप) नवा टॉर्च मागवला जातो, त्यात जुनेच सेल घातले जातात आणि पुढच्या रविवारी तीच तक्रार नव्या टॉर्चसह सुरू होते. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, अशातला हा प्रकार आहे. छोट्या टॉर्चमधला एलईडी हा सहसा सर्वांत शेवटी बिघडणारा भाग असतो. दोष आधी सेलमध्ये, मग सेलच्या संपर्कात, मग सीलमध्ये आणि त्यानंतर स्विचमध्ये शोधावा, आणि नवा टॉर्च घ्यायचाच असेल तर निवडीची सुरुवातही लूमेनच्या आकड्यापासून न करता सेलपासून करावी.

घरी टॉर्च पुन्हा नीट का लागतो, हे आधी समजून घेतले तर अर्धा गोंधळ दूर होतो. प्रत्येक सेलला स्वतःचा अंतर्गत रोध असतो. टॉर्च जास्त प्रवाह ओढू लागला की त्या रोधात थोडा विद्युत दाब (व्होल्टेज) खर्च होतो आणि एलईडीपर्यंत पोहोचणारा दाब कमी होतो. सेल थकत जातो तसा हा रोध वाढतो. टॉर्च बंद करून दोन-तीन तास ठेवला की सेलमधील रासायनिक क्रिया थोडी सावरते, दाब वर येतो आणि पहिली काही मिनिटे उजेड चांगला पडतो. म्हणून दोन मिनिटे लावून पाहिलेल्या टॉर्चवरून काहीही सिद्ध होत नाही. शिवाय पाण्याबाहेर चाचणी घेताना उलटी फसगतही होऊ शकते, कारण डाइव्ह टॉर्च पाण्याने थंड राहील हे गृहीत धरून बनवलेला असतो. हवेत तो लवकर तापतो आणि बऱ्याच टॉर्चमधील सर्किट स्वतःला वाचवण्यासाठी उजेड आपणहून कमी करते. हा बिघाड नव्हे. चाचणी घ्यायचीच तर पाण्याने भरलेल्या बादलीत घ्यावी.

यानंतर खोक्यावरील आकड्यांचा हिशेब. सध्याच्या छोट्या टॉर्चमध्ये एका वॅटमागे ढोबळमानाने शंभर लूमेन उजेड मिळतो असे धरले, तर १००० लूमेनसाठी सुमारे १० वॅट लागतात. ३४०० एमएएच (मिलिअँपिअर-तास) क्षमतेचा, १८६५० या आकाराचा एक चांगला लिथियम-आयन सेल ३.६ व्होल्टच्या हिशेबाने सुमारे १२ वॅट-तास ऊर्जा देतो. म्हणजे पूर्ण उजेडावर तो तासाभरापेक्षा फार पुढे जाऊ शकत नाही, आणि सर्किटमधील घट धरली तर तेवढाही टिकत नाही. पाऊण-पाऊण तासाच्या दोन डाइव्ह, मध्ये बोटीवर कुणाला तरी दाखवण्यासाठी लावलेली पाच मिनिटे, असे मिळून दीड तास होतो. तेव्हा एकाच सेलवर १००० लूमेनचा टॉर्च दुसऱ्या डाइव्हला दमला तर त्यात नवल काहीच नाही. तो गणिताप्रमाणेच वागला. हाच टॉर्च ४०० लूमेनच्या पायरीवर ठेवला तर ४ वॅटमध्ये काम भागते आणि दोन्ही डाइव्ह होऊनही सेलमध्ये शिल्लक उरते.

खोक्यावर मात्र "१००० लूमेन, ३ तास" असेच छापलेले असते, आणि ते खोटे असतेच असे नाही. टॉर्चच्या मोजणीसाठी एएनएसआय एफएल१ हे अमेरिकन मानक वापरले जाते. त्यात उजेडाची मोजणी टॉर्च लावल्यानंतरच्या ३० सेकंद ते २ मिनिटे या काळात होते, आणि चालण्याचा वेळ उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत मोजला जातो. म्हणजे त्या तीन तासांपैकी दोन तास टॉर्च पाचव्या हिश्श्याने लागत असला तरी खोक्यावरील मजकूर नियमात बसतो. जो उत्पादक वेळेनुसार उजेडाचा आलेख देतो त्याचा टॉर्च घ्यावा, आणि आलेख नसेल तर वरचा वॅट-तासांचा हिशेब स्वतः करावा. दुकानदाराशी लूमेनवरून हुज्जत घालण्यापेक्षा हे सोपे आहे.

उजेड कसा गेला, ते आधी आठवावे

दोष शोधताना टॉर्च कोणत्या रीतीने मंद झाला हे सर्वांत उपयोगी पडते. डाइव्हच्या सुरुवातीपासूनच उजेड हळूहळू, न थांबता उतरत गेला असेल, तर बहुधा आत अल्कलाइन सेल आहेत आणि टॉर्चमध्ये उजेड स्थिर ठेवणारे सर्किट नाही. तीन छोटे एएए सेल पिंजऱ्यात घालायचे असतात त्या स्वस्त टॉर्चमध्ये हे हमखास आढळते. उजेड काही काळ स्थिर राहून मग एकदम एक पायरी खाली आला असेल, तर सर्किट नीट आहे आणि त्याने सेलचा दाब कमी झाल्याचे ओळखले आहे. येथे सेलची क्षमता किंवा त्याचे वय पाहावे.

टॉर्च कसलीही सूचना न देता विझला आणि वर आल्यावर पुन्हा लागला, तर संशय संरक्षक सर्किट असलेल्या लिथियम-आयन सेलवर घ्यावा. अशा सेलच्या तळाशी एक लहान चकतीसारखे सर्किट असते. दाब फार खाली गेला किंवा प्रवाह मर्यादेबाहेर गेला की ते जोडणी तोडते. सेल कमी प्रवाहाचा आणि टॉर्च जास्त भुकेचा अशी जोडी जमली, तर मंद पायरीवर सर्व सुरळीत चालते आणि पूर्ण उजेडावर नेताच अंधार होतो. ही खूण इतकी स्पष्ट आहे की मापनाचीही गरज लागत नाही. जास्त प्रवाहाचा सेल घातला की तक्रार संपते.

लुकलुकणे हा वेगळा रोग आहे. टॉर्चवर बोटाने हलकेच टिचकी मारावी. उजेड थरथरला तर सेलचा संपर्क सैल आहे. संरक्षक सर्किटामुळे १८६५० सेलची लांबी ६५ मिलिमीटरवरून ६८ ते ७० मिलिमीटरपर्यंत जाते, त्यामुळे लांब सेलसाठी बनवलेल्या टॉर्चमध्ये आखूड सेल खुळखुळतो आणि आखूड सेलच्या टॉर्चमध्ये लांब सेल कोंबला तर झाकण पूर्ण बसत नाही. दुसरी गोष्ट तर डाइव्हच्या दृष्टीने अधिक घातक, कारण झाकण न बसणे म्हणजे सील न बसणे. काही सेलचे धन टोक बटणासारखे उठलेले असते, काहींचे सपाट असते. सपाट टोक काही टॉर्चमध्ये संपर्कालाच पोहोचत नाही. सेल घेण्यापूर्वी टॉर्चच्या माहितीपत्रकात लांबी आणि टोक यांचा उल्लेख पाहावा.

संपर्काची दुसरी जागा लोक सहसा विसरतात, ती म्हणजे झाकणाचे आटे. अॅल्युमिनियमच्या बऱ्याच टॉर्चमध्ये ऋण बाजूचा प्रवाह नळीच्या कडेवरून किंवा आट्यांमधूनच जातो. तेथे जुने काळे झालेले ग्रीस आणि मिठाचा कण बसला की रोध वाढतो. नळीची ती उघडी, चकचकीत कड आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसली, तर कापूस राखाडी होऊन येतो. स्वच्छ कापूस स्वच्छच राहीपर्यंत पुसावे. स्प्रिंगवर हिरवट थर असेल तर तो गंज आहे, आणि पांढरी भुकटी असेल तर अल्कलाइन सेल गळला आहे. ही भुकटी अल्कधर्मी असते, त्यामुळे सौम्य आम्लाने निघते. गोव्यात घरोघरी माडाचे व्हिनेगर असते, पण त्याचा रंग आणि चिकटपणा मागे राहतो. बाजारात मिळणारे पांढरे व्हिनेगर कापसाच्या बोळ्यावर घेऊन पुसावे, मग ओल्या फडक्याने आणि शेवटी अल्कोहोलने पुसून पूर्ण सुकू द्यावे.

सेल मोजताना

एक साधा मल्टिमीटर जवळ असला की तर्क थांबतात. डाइव्हनंतर टॉर्च सुकवून उघडावा, सेल ज्या क्रमाने आत होते त्याच क्रमाने कागदावर मांडावेत आणि प्रत्येकाचा दाब वेगळा मोजावा. समजा, चार निकेल-मेटल हायड्राइड सेलचे आकडे १.२६, १.२५, १.२६ आणि १.०४ असे आले. एकूण बेरीज वाईट दिसत नाही, पण चौथा सेल इतरांपेक्षा खूप आधी रिकामा होतो आहे हे स्पष्ट आहे, आणि चारही एकामागोमाग जोडलेले असल्यामुळे टॉर्च त्या एका सेलच्या गतीने मरतो. याहून वाईट म्हणजे, उरलेले तिघे त्या रिकाम्या सेलमधून प्रवाह ढकलत राहिले तर त्याचे ध्रुव उलट होऊ लागतात आणि तो वायू सोडतो, ज्यात हायड्रोजन असतो. हवाबंद टॉर्चमध्ये हायड्रोजन साठणे ही किरकोळ बाब नाही; चांगल्या डाइव्ह टॉर्चमध्ये दाब सोडणारी झडप किंवा हायड्रोजन शोषून घेणारा उत्प्रेरक बसवतात तो त्यासाठीच.

म्हणून सेलचे संच करावेत. एकाच वेळी घेतलेल्या, एकाच कंपनीच्या आणि एकाच क्षमतेच्या सेलवर मार्करने खूण करून ठेवावी, ते एकत्रच वापरावेत आणि एकत्रच चार्ज करावेत. घड्याळातला सेल टॉर्चमध्ये, टॉर्चमधला रिमोटमध्ये असा भाडेकरूंसारखा फिरवू नये. चार्जर प्रत्येक सेलकडे स्वतंत्रपणे पाहणारा असावा. जोडीने चार्ज करणाऱ्या स्वस्त चार्जरमध्ये एक सेल भरून उतू जातो आणि दुसरा अर्धा राहतो, आणि वर सांगितलेला चौथा सेल पुष्कळदा तेथेच तयार होतो.

निकेल-मेटल हायड्राइडचा दाब बराच काळ १.२ व्होल्टच्या आसपास स्थिर राहतो, त्यामुळे त्या आकड्यावरून किती ऊर्जा उरली हे सांगता येत नाही. सेलांची एकमेकांशी तुलना करणे हाच त्याचा उपयोग. लिथियम-आयनमध्ये मात्र आकडा बोलतो. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्ट दाखवतो, साधारण मध्यावर ३.७ च्या आसपास येतो आणि ३ व्होल्टजवळ त्याचे काम संपते. चार्जरवरून काढून रात्रभर ठेवलेला सेल सकाळी स्पष्टपणे उतरलेला दिसला, तर तो म्हातारा झाला आहे. २.५ व्होल्टच्या खाली गेलेला लिथियम-आयन सेल पुन्हा चार्ज करण्याचा मोह टाळावा. त्यात आगीचा धोका असतो, आणि टॉर्चच्या आयुष्यापेक्षा घर महत्त्वाचे आहे.

कोणता सेल

अल्कलाइन एए, म्हणजे आपला नेहमीचा पेन्सिल सेल, गावातल्या पोसऱ्यावर, म्हणजे छोट्या दुकानातही मिळतो आणि एवढाच त्याचा गुण आहे. घड्याळासारख्या किरकोळ भारावर तो २००० एमएएचहून अधिक देतो, पण एक अँपिअरच्या भारावर त्याची निम्म्याहूनही कमी क्षमता हाती लागते. शिवाय तो गळतो. अडीअडचणीला घालावा, डाइव्ह संपताच काढावा.

त्याच आकाराचा निकेल-मेटल हायड्राइड सेल १.२ व्होल्टचा असल्यामुळे कमजोर वाटतो आणि सुरुवातीचा उजेड थोडा कमी दिसतोही, परंतु त्याचा अंतर्गत रोध फार कमी असल्याने भाराखाली तो अल्कलाइनच्या पुढे जातो आणि शेवटपर्यंत उजेड टिकवतो. घेताना पडून राहिल्यावर कमी उतरणारा, तयार चार्ज केलेला म्हणून विकला जाणारा प्रकार घ्यावा. त्यांची क्षमता २००० एमएएचच्या आसपास असते आणि २७०० किंवा अधिक छापलेल्या सेलपेक्षा ते वर्षानुवर्षे अधिक विश्वासाने चालतात. राखीव टॉर्चसाठी माझी पसंती यांनाच आहे. उजेड संपत आला की ते काही मिनिटे आधी मंद होऊन कळवतात, आणि पाण्याखाली ती सूचना मोलाची असते. अलीकडे युएसबीने चार्ज होणारे १.५ व्होल्टचे लिथियम एए सेल सर्वत्र दिसतात. त्यांच्या पोटात दाब स्थिर ठेवणारे सर्किट असते, म्हणून ते शेवटपर्यंत १.५ व्होल्ट देतात आणि मग एका क्षणात बंद पडतात. खेळण्यात हे चालते. राखीव टॉर्चमध्ये मी ते घालणार नाही.

चार्ज न होणारा लिथियम एए सेल, ज्याचा नवा असतानाचा दाब १.७ व्होल्टच्या वर दिसतो, वजनाने हलका, वर्षानुवर्षे टिकणारा आणि सहसा न गळणारा असतो. महाग आहे, पण वर्षातून दोन-तीनदाच पाण्यात उतरणाऱ्याने चार्जरच्या फंदात पडण्यापेक्षा तो घेतलेला बरा. त्याच जातीतला सीआर१२३ए हा ३ व्होल्टचा आखूड सेल काही जुन्या, दणकट टॉर्चमध्ये लागतो. गोव्यात तो प्रत्येक दुकानात मिळेलच असे नाही, हा त्याचा खरा दोष.

मुख्य टॉर्चसाठी मात्र १८६५० किंवा २१७०० हा लिथियम-आयन सेलच योग्य ठरतो. आकड्यांचा अर्थ सरळ आहे : १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब, किंवा २१ आणि ७०. पहिल्यात साधारण २५०० ते ३६०० एमएएच मिळतात, दुसऱ्यात ४००० ते ५००० पर्यंत. ऑनलाइन बाजारात ९९०० एमएएच छापलेले १८६५० दिसतात. त्या आकाराच्या नळकांड्यात एवढी ऊर्जा बसत नाही, तेव्हा तो आकडा केवळ कागदावरचा. स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर सेल ठेवून पाहावा. खरा १८६५० सुमारे ४५ ते ५० ग्रॅम भरतो. तिशीतला सेल आतून अर्धा रिकामाच समजावा. टॉर्चसोबत फुकट आलेल्या सेलचीही ही परीक्षा घ्यावी, कारण दुसऱ्या डाइव्हच्या तक्रारींचे मूळ तेथे वारंवार सापडते.

एका बाबतीत मात्र काटेकोर राहावे. आकार जुळतो म्हणून सेल जुळतो असे नाही. एए आकाराचा १४५०० हा लिथियम-आयन सेल भरलेला असताना ४.२ व्होल्ट देतो, आणि सीआर१२३ए च्या आकाराचा १६३४० हाही तेवढेच देतो. दोन सीआर१२३ए च्या सहा व्होल्टसाठी बनवलेल्या टॉर्चमध्ये दोन १६३४० घातले तर सर्किटवर ८.४ व्होल्ट येतात. माहितीपत्रकात स्पष्ट परवानगी असेल तरच हा बदल करावा.

गोव्याच्या पाण्यात उजेड कसा हवा

ग्रँड आयलंडच्या आसपासचे बुडालेले जहाज, सुझीज रेक, आणि तेथील खडक फार खोल नाहीत, पण मांडवी आणि झुवारी नद्यांनी आणलेला गाळ व किनाऱ्यावरचे ढवळलेले पाणी यांमुळे दृश्यता पुष्कळदा काही मीटरच असते. कर्नाटकातील मुर्डेश्वरजवळच्या नेत्राणी बेटाचे पाणी बहुधा याहून स्वच्छ मिळते, तेथे रुंद झोताची हौस भागते. गढूळ पाण्यात रुंद झोत समोरच्या प्रत्येक कणावर पडून डोळ्यांकडे परततो आणि पुढे पांढरा पडदा उभा राहतो. लूमेन वाढवले तर तो पडदाच अधिक उजळतो. टॉर्च बिघडला, "उजेड पोहोचतच नाही" ही तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी अनेकांच्या टॉर्चला काहीही झालेले नसते; त्यांनी फक्त व्हिडिओसाठीचा शंभर-एकशेवीस अंशांचा टॉर्च घेतलेला असतो.

येथे दहा अंशांच्या आतला अरुंद झोत हवा, आणि टॉर्च मास्कजवळ न धरता हात लांब करून बाजूने धरावा, म्हणजे नजर आणि झोत यांच्या रेषा वस्तूपाशीच मिळतात. सपाट काचेतून पाण्यात जाणारा झोत हवेतल्यापेक्षा अरुंद होतो, हेही लक्षात असावे. हवेत १२ अंशांचा दिसणारा झोत पाण्यात सुमारे ९ अंशांचा होतो. दिवसाच्या डाइव्हमध्ये टॉर्चचे मुख्य काम रंग परत आणणे हे असते, कारण पाणी लाल प्रकाश पहिल्या काही मीटरांतच शोषून घेते आणि खडकावरचा लाल स्पंज तपकिरी-करडा दिसू लागतो. एवढ्यासाठी हातभर अंतरावरून ३०० ते ५०० लूमेन भरपूर होतात.

स्विचबद्दल थोडक्यात. डोके पिळून लावायच्या टॉर्चमध्ये बिघडण्यासारखे भाग कमी असतात, पण पाण्याखाली बंद करताना एखादा वेढा जास्त उलटला की पाणी आत येते, म्हणून हातमोजे घालणाऱ्याने तो टाळावा. चुंबकी सरक-स्विच सोयीचा आहे. त्याच्या खाचेत वाळू आणि मीठ अडकते, तेव्हा धुताना तो गोड्या पाण्यात मागे-पुढे करावा, आणि त्यातील चुंबक कंपासच्या सुईला ओढतो म्हणून टॉर्च आणि कंपास एकाच मनगटावर नसावेत.

काचेच्या आत पाणी दिसले तर

आधी ते धुके आहे की गळती, हे ठरवावे. आपल्याकडच्या दमट हवेत झाकण लावले की हवेतली वाफ टॉर्चमध्ये बंद होते आणि समुद्राच्या पाण्यात काच थंड होताच आतून बाष्प धरते. टॉर्च बाहेर कोमट झाला की ते नाहीसे होते आणि मागे काहीही राहत नाही. थेंब राहिला असेल तर तो काळ्या, गुळगुळीत वस्तूवर, उदाहरणार्थ बंद मोबाइलच्या जुन्या काचेवर, सुकू द्यावा. पांढरी कडा उमटली तर समुद्राचे पाणी आत गेले आहे. चाखून पाहू नये, त्यात सेलमधील रसायन असू शकते. धुके टाळण्यासाठी झाकण वातानुकूलित, कोरड्या खोलीत आदल्या रात्रीच बंद करावे आणि बोटीवर उघडू नये.

गळतीचे कारण बहुतेक वेळा ओ-रिंगवर, म्हणजे झाकणाच्या सीलच्या रबरी कड्यावर, आडवा पडलेला एखादा केस असतो. तिरप्या उजेडात रिंग फिरवून पाहिली की ग्रीसमध्ये रुतलेला तो बारीक धागा चमकतो; एरवी तो नजरेला दिसत नाही, बोटाच्या पेराला लागतो. रिंग लाकडी दातकोरणीने काढावी, सुईने नव्हे. ती ज्या खाचेत बसते ती खाच पुसावी आणि रिंगवर फक्त चमक येईल इतकेच ग्रीस लावावे. ग्रीसचे काम रिंग सहज सरकावी एवढेच आहे. पाणी ग्रीस अडवत नाही, दाबलेली रिंग अडवते. नायट्राइल या कृत्रिम रबराच्या रिंगला सिलिकॉन ग्रीस चालते, पण रिंगच सिलिकॉनची असेल तर त्याने ती फुगते, म्हणून माहितीपत्रकात सांगितलेलेच ग्रीस घ्यावे. खात्री करण्यासाठी सेल काढून, आत टिश्यू पेपरची घडी ठेवून टॉर्च रात्रभर बादलीत बुडवावा, आणि मग पुढच्या डाइव्हला तसाच रिकामा, बीसीडीला (डाइव्हरच्या तरंगण्याच्या जाकिटाला) बांधून खाली न्यावा. दोन्ही चाचण्या लागतात. १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो आणि काही रिंगा त्या दाबाने उलट अधिक घट्ट बसतात, उथळ पाण्यातच गळतात. आयपीएक्स८ या जलरोधकतेच्या छापावर विसंबू नये. त्यातील खोली उत्पादक स्वतः ठरवतो, म्हणून मीटरमध्ये लिहिलेली खोलीच ग्राह्य धरावी.

खारे पाणी सेलपर्यंत गेले असेल तर टॉर्च चेहऱ्यापासून दूर धरून, झाकण अगदी सावकाश, अर्धा-अर्धा वेढा सोडत उघडावे, कारण आत वायूचा दाब असू शकतो. "फुस्स" असा आवाज आला तर थांबून दाब जाऊ द्यावा. टॉर्चची नळी गोड्या पाण्याने आणि मग अल्कोहोलने धुऊन वाचू शकते. सेल वाचवण्याच्या फंदात पडू नये. भिजलेला लिथियम-आयन सेल सुकवून पुन्हा चार्जरला लावणे धोक्याचे आहे. तो घराबाहेर, जळण्याजोग्या वस्तूंपासून दूर ठेवावा आणि टोकांना चिकटपट्टी लावून वापरलेल्या बॅटऱ्या स्वीकारणाऱ्या केंद्राकडे द्यावा. घरच्या कचऱ्यात बॅटऱ्या टाकू नयेत, असे २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांमध्येही अपेक्षित आहे.

पावसाळ्यातले चार महिने

जूनपासून समुद्र बंद होतो आणि टॉर्च कपाटात जातो. ऑक्टोबरमध्ये जे टॉर्च "अचानक" बंद आढळतात, ते या चार महिन्यांत बिघडलेले असतात. सेल काढून ठेवावेत, हा पहिला नियम. लिथियम-आयन सेल पूर्ण भरून ठेवू नये, रिकामाही ठेवू नये; ३.७ ते ३.८ व्होल्टवर, थंड जागी, प्लॅस्टिकच्या डबीत ठेवावा. पूर्ण भरलेला सेल उष्णतेत वेगाने म्हातारा होतो, आणि एप्रिल-मेमध्ये बंद मोटारीत ठेवलेली डाइव्ह-बॅग हे त्याला मारण्याचे सर्वांत सोपे ठिकाण आहे. निकेल-मेटल हायड्राइड सेल भरलेले ठेवले तरी चालतात, फक्त हंगामापूर्वी दोन-तीनदा भरून रिकामे करावेत. झाकण सैल ठेवावे, म्हणजे रिंग दाबून चपटी होत नाही, आणि डब्यात सिलिका जेलची पुडी टाकावी.

विमानाने अंदमान किंवा लक्षद्वीपला जाणार असाल तर सुटे लिथियम सेल दाबोळी असो वा मोपा, केबिन बॅगेतच न्यावे लागतात, टोके झाकून. तीव्र उजेडाच्या डाइव्ह टॉर्चसाठी विमान कंपनीची आधी परवानगी घ्यावी आणि सेल टॉर्चमधून काढून ठेवावा. सामानात चुकून लागलेला असा टॉर्च हवेत धोकादायक इतका तापतो.

हंगामाच्या पहिल्या फेरीपूर्वी एका संध्याकाळी सेल पूर्ण भरून टॉर्च सुमारे ४०० लूमेनच्या पायरीवर लावून पाण्याच्या बादलीत उभा करावा, खोली अंधारी करावी आणि मोबाइलचे एक्स्पोजर एका आकड्यावर कुलूपबंद करून दर दहा मिनिटांनी छतावरच्या उजेडाचा फोटो घ्यावा. फोटो ओळीने पाहिले की उजेड नेमका कधी आणि किती उतरतो हे दिसते. नव्वदाव्या मिनिटाचा फोटो पहिल्याच्या जवळपास असेल तर टॉर्च आणि सेल दोन्ही ठीक आहेत. नसेल तर त्याच टॉर्चमध्ये दुसरा, वजन करून घेतलेला सेल घालून चाचणी पुन्हा करावी, आणि फरक पडला नाही तरच नव्या टॉर्चच्या किमती पाहायला बसावे.